पाळण्यात न घातलेले

सोलापूर,
१९ जानेवारी १९७५

ती. आत्या,

शरणार्थ. गड्ड्याची जत्रा आटोपली आणि कालपासून कारखाना पुन्हा सुरू झाला. तू येशील म्हणून महानंदाने शेंगापोळ्या करून ठेवल्या होत्या. तू आली नाहीस, तेव्हा त्या मीच खाल्ल्या आणि दोन दिवस पोट धरून बसलो. म्हशीला सोडून येता येत नाही हे तुझं कारण मी दहा वर्षं ऐकतोय. या दहा वर्षांत तीन म्हशी बदलल्या, कारण तेच आहे.

आता कामाचं लिहितो. दानू चौदा महिन्यांची झाली. धरून उभी राहते. पोटावर केलेल्या वाटेतूनच अजून तिची शी होते. महानंदा दिवसातून सहा वेळा पुसते, फडकं बदलते, आणि तेवढ्या वेळात दानू तिचे केस उपटते. जेऊरला महानंदाच्या माहेरी, आपल्या शरणक्काच्या घरी ती जन्मली तेव्हा आम्ही वीस दिवस नुसतं एरंडेल पाजत बसलो होतो, ते तुला कळवलं होतं. पोट नगाऱ्यासारखं झाल्यावर सोलापूरला आणली आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वाचवली. त्या म्हणतात, आतड्याच्या शेवटच्या वीतभर भागात मळ पुढे ढकलणाऱ्या बारीक नसाच जन्मापासून नाहीत. वाट आहे, पण ढकलणारं कुणी नाही. तो भाग कापून टाकायचं मोठं काम दिवाळीनंतर पुण्याला होईल.

महानंदाला आता पाचवा महिना आहे. परवा तिला घेऊन गेलो, तर बाईंनी विचारलं, "लग्न नात्यात आहे का?" मी सांगितलं, थोरल्या बहिणीची मुलगी. माझी सख्खी भाची. "आणि घरात आधी असं कुणाचं?" मी म्हटलं, माझ्या आत्याचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालंय. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या की हा रोग काही घराण्यांतून उतरत येतो, आणि नात्यातल्या लग्नांत तो दोन्ही बाजूंनी येऊन भेटू शकतो. येणाऱ्या बाळाला किती धोका आहे हे ठरवायला त्यांना चार पिढ्यांची माहिती पाहिजे. कोण लहानपणी गेलं, कुणाचं पोट फुगून गेलं, सगळं.

बाबा गेल्यावर आता घराण्यात तूच मोठी. तेव्हा आठव आणि लिही. मामांना शरणार्थ सांग. विहिरीकडच्या बांधाजवळचा तो दगड त्यांनी यंदा तरी काढला का? माझ्या लहानपणापासून तेवढ्या चार हातांवर नांगर चालत नाही.

तुझा,
रेवणसिद्ध


मैंदर्गी,
३ फेब्रुवारी १९७५

चि. रेवण,

तुला, महानंदाला आणि माझ्या दानूला आशीर्वाद. शेंगापोळ्या तू खाल्ल्यास यात नवल ते काय? नवल तेव्हा, जेव्हा एखादी तू दुसऱ्यासाठी ठेवशील.

तुझं काम देवानेच केलं म्हण. पत्र आलं आणि चौथ्या दिवशी हेळवी दारात. शहरात राहून विसरला असशील म्हणून सांगते, आपल्या घराण्याची पिढीजात नावं ज्यांना पाठ, तो हेळवी. तोच बैल, तीच घंटा, आता मात्र डोळ्यांवर जाड चष्मा. बैलावर बसल्या बसल्या त्याने सात पिढ्या घडाघडा म्हटल्या, अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत. मी जात्यापाशी बसून चार पिढ्या उतरवून घेतल्या. सोबतच्या कागदावर अकरा नावं आहेत. एक विहिरीत पडून गेला, एक प्लेगात गेला, बाकीचे साठीच्या पुढे जगले आणि शेवटपर्यंत जेवले. पोटाचं दुखणं कुणालाच नाही. तुझ्या आज्याला होतं ते जास्त खाण्याचं, ते तुझ्याकडे आलंच आहे.

आमच्या दारात हेळव्याचं काम लवकर आटोपतं. सिद्रामप्पा या ह्यांच्या नावापाशी येऊन थांबतो, पुढे नाव नाही, ज्वारी घेतो आणि बैल हाकतो. हे मात्र आत बसून होते. नवरा झाला तरी माझा मामाच तो. लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरवलंय, त्यामुळे मी काही बोलले की अजून त्यांना भाचीचा हट्ट वाटतो.

दगड काढला नाही. तुला त्या दगडाचं काय पडलंय? कारखान्यात चौकटीच्या कागदावर चादरीची फुलं भरतोस, ती भर.

महानंदाला जवसाची चटणी पाठवते. तिला म्हणावं, ओणवं राहून धुणं धुऊ नको.

तुझी आत्या,
शिवबाई


सोलापूर,
२० फेब्रुवारी १९७५

ती. आत्या,

शरणार्थ. चटणी पोचली आणि संपली.

तुझा कागद घेऊन दवाखान्यात गेलो. बाईंनी माझ्यासमोर एका मोठ्या कागदावर आपलं अख्खं घराणं काढलं. पुरुष म्हणजे चौकट, बाई म्हणजे वर्तुळ. लग्न म्हणजे दोघांमधली आडवी रेघ. नात्यातलं लग्न असेल तर दोन रेघा. ज्याला हा रोग, त्याची चौकट किंवा वर्तुळ काळं करायचं. मला तर गंमतच वाटली. आमच्या नक्षीतही हेच असतं: जी चौकट काळी, तिथला दोरा वर. मी बाईंना म्हटलं, द्या, मी रेघा सरळ काढतो. आपल्या घराण्यात एकच वर्तुळ काळं आहे, आपल्या दानूचं. तुझ्या आणि मामांच्या मधून एक रेघ खाली आली आहे आणि तिच्या टोकाला दोन आडव्या काट्या आहेत. म्हणजे मूल नाही.

बाईंनी एक प्रश्न विचारला, "त्या बैलावरच्या माणसाने मुली सांगितल्या का? लहान गेलेली सांगितली का? बायकांना विचारताना मुलं किती आहेत असं विचारू नका, बाळंतपणं किती झाली असं विचारा." मी म्हटलं, आमची आत्या काही लपवणारी नाही, तोंडावर बोलते.

बाई म्हणाल्या, हा रोग मुलग्यांना जास्त होतो, मुलींना कमी. मुलीला झाला असेल तर त्या घराण्यात त्याचं वजन जास्त असतं, म्हणून दुसरं बाळंतपण शक्यतो दवाखान्याजवळ करा. पण बाकी सगळा कागद कोरा आहे, ते एक बरं आहे.

घरी येऊन मी बोलून गेलो की आपल्याकडे स्वच्छ आहे, म्हणजे हे जेऊरकडचं, महानंदाच्या वडिलांच्या घरातलं. ती भाकरी थापत राहिली.

तुझा,
रेवणसिद्ध


मैंदर्गी,
८ मार्च १९७५

चि. रेवण,

आशीर्वाद. म्हैस व्याली, रेडकू झालं. दूध बरं आहे.

डॉक्टरीणबाईंना माझ्या नावाने तीन गोष्टी विचार. विसरू नको, कागदावर लिहून ने.

असं बाळ जन्मतं तेव्हा चांगलं गुटगुटीत असतं का? की बघताच कळतं?

त्याला हिरवी उलटी होते का?

आणि एरंडेल पाजलं नसतं तर ते जगलं असतं का?

बाकी क्षेम. जेऊरच्या माणसांना उगाच काही बोलू नको. शरणक्काचा नवरा चांगला माणूस आहे. तुझ्या लग्नात त्याने एकट्याने तीनशे माणसांना वाढलं होतं.

आत्या


सोलापूर,
१८ मार्च १९७५

ती. आत्या,

शरणार्थ. तुझे तिन्ही प्रश्न वाचून दाखवले.

जन्मताना बाळ अगदी चांगलं असतं. रडतं, दूध ओढतं. कळतं ते असं, की पहिली काळी शी एक-दोन दिवस उलटले तरी होत नाही. मग पोट वर येतं, मग हिरवी उलटी. आणि एरंडेलाचं बाई म्हणाल्या, "पाजलं म्हणून बाळ गेलं असं नाही आणि पाजलं नसतं तर राहिलं असतं असंही नाही. पोट उघडून वाट करून द्यावी लागते. पूर्वी गावात ते करणार कोण? आईच्या हातात काही नव्हतं." हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि असंच लिहा म्हणाल्या. मग विचारलं, "हे प्रश्न कुणाचे?" मी म्हटलं, आत्याचे. तिला गुराढोरांच्या दुखण्यांचं फार कळतं, तशीच चौकशी असेल. मला वाटलं बाई हसतील, पण हसल्या नाहीत. "त्यांना कधी वाटलं तर येऊ द्या," एवढंच म्हणाल्या.

इकडे मात्र घोळ झाला आहे. मी बोललो ते महानंदाने जेऊरला कळवलं. शरणक्का स्वतः आली. दारातूनच म्हणाली, "आमच्या घरात खोट हाय म्हन की रं! तुझ्या त्या कागदात तुमी समदे धुतल्या तांदळागत, व्हय? मग दुसरं बाळंतपन बी जेऊरलाच हुईल. लेकीला म्हायेरला न्हाई आणलं तर लोक म्हनतील, घराला बाधा हाय म्हनून आली न्हाय." मी डॉक्टरांचं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "कागद कोरा हाय असं त्याच म्हनल्या न्हवं?"

मलाही ते पटलं. पाडवा झाला की महानंदाला जेऊरला पोचवणार आहे. स्टेशन घराजवळच आहे, लागलंच तर गाडीने आणता येईल.

तुझा,
रेवणसिद्ध


मैंदर्गी,
२४ मार्च १९७५

रेवण,

महानंदाला जेऊरला पाठवू नको. आधी एवढं वाक्य वाच, शरणक्काला तसं कळव, मग पुढचं वाच.

जेऊरच्या माणसांत काही खोट नाही. जे आहे ते आपल्याकडचं आहे. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्यापेक्षा शहाणा प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मी दिलं नाही. माझी बाळंतपणं किती झाली हे तू मला विचारलंच नाहीस, आणि विचारलं असतंस तरी मी खरं सांगितलं असतं असं नाही.

दोन झाली. दोन्ही मुलगे. पहिला झाला तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि दुसऱ्या वेळी अठराची. पहिला तर चांगला मोठा, हातापायाला वळ्या होत्या. स्वामींनी येऊन गळ्यात लिंग बांधलं, त्याची मूठ उघडेना म्हणून सगळे हसत होते. दुसऱ्या दिवशी सुईण म्हणाली, पोट साफ होत नाही, एरंडेल पाजा. मी माझ्या बोटाने पाजलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाजलं. पोट वर आलं, कातडी तकतकीत झाली, आणि हिरवं ओकायला लागला. नवव्या दिवशी गेला. दुसरा अकराव्या दिवशी. त्यालाही मीच पाजलं. बत्तीस वर्षं मला वाटत होतं की एरंडेल जास्त झालं. तुझं गेलं पत्र आलं तेव्हा मी गोठ्यात जाऊन खूप रडले. रेडकू घाबरलं.

आपल्याकडे तेराव्या दिवशी पाळण्यात घालून नाव ठेवतात. त्याआधी गेलेलं मूल मोजत नाहीत. माझी सासू म्हणजे माझ्या आईचीच आई, मला लहानाचं मोठं केलेली. तिने मला जवळ घेतलं आणि सांगितलं, "पाळण्यात घातलं न्हाय त्ये मोजायचं न्हाय. कुनी इचारलं तर म्हनायचं, झालंच न्हाय." मी दोन्ही वेळा बाळंतपणाला आजीकडेच होते, घर मळ्यात होतं, गावाला फारसं कळलंही नाही. कळलं त्यांनीही मोजलं नाही.

आजीने हे दुष्टपणाने केलं असं समजू नको. दोन मुलं गेली म्हटलं की बायका आपली मुलं पदराआड घेतात, हिची नजर वाईट म्हणतात. मूलच नाही म्हटलं की नुसती कीव करतात. वांझेला बारशाला पुढे बसवत नाहीत, हे खरं आहे. पण घरातल्या लेकराला हात लावू देतात. तू झालास तेव्हा तुझ्या आईने तुला सरळ माझ्या मांडीवर दिलं, ते मला कुणी मुलं गेलेली म्हणत नव्हतं म्हणून. तुला न्हाऊ घालायला मिळावं म्हणून मी गप्प राहिले, आणि मग गप्प राहायची सवयच लागली.

तुझ्या बाबांना माहीत होतं. दोन्ही वेळा मातीला तेच पुढे होते. विहिरीकडच्या बांधाजवळ दगड नाही, रेवण. तिथे ते दोघं आहेत. ह्यांनी त्या चार हातांवर कधी नांगर घातला नाही, आणि लोकांनी विचारलं की दगड आहे म्हणून सांगतात. आम्ही नवरा-बायको यावर तेव्हापासून एक शब्दही बोललेलो नाही.

हेळव्याचंही सगळं लिहिलं नव्हतं. मी त्याला विचारलं होतं, "नाव न ठिवल्यालं लेकरू तुला सांगता येतं का रं?" तो म्हणाला, "नावाबिगर कसं सांगू, अव्वा? सिद्रामप्पाच्या फुडं काय हाय का?" मी म्हटलं, "काय न्हाय. ज्वारी घे."

हा कागद डॉक्टरीणबाईंना दाखव. शरणक्कालाही वाचून दाखव. मला लाज वाटत नाही असं नाही, पण महानंदाच्या बाळापेक्षा माझी लाज मोठी नाही.

आत्या


सोलापूर,
५ एप्रिल १९७५

ती. आत्या,

तुझं पत्र मी सात रस्त्यावरच्या बाकावर बसून वाचलं आणि नंतर कारखान्यात गेलोच नाही. दगडाच्या किती चेष्टा केल्या मी. मला माफ कर.

बाईंना पत्र दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं, मग तो मोठा कागद काढला. तुझ्या रेघेच्या टोकाच्या दोन काट्या रबराने खोडल्या आणि तिथे दोन चौकटी काढल्या. मग मला विचारलं, "काळ्या तुम्ही करता का?" मी दिवसभर शेकड्यांनी चौकटी काळ्या करतो, आत्या, पण त्या दोन मला भरता येईनात. शेवटी त्यांनीच भरल्या.

त्या म्हणतात, तेव्हा कुणी तपासलं नव्हतं, पण लक्षणं सगळी तीच आहेत. बीज नेमकं कुठे असतं, कसं उतरतं हे अजून मोठमोठ्यांनाही नीट ठाऊक नाही. थोडं आईकडून, थोडं बापाकडून, आणि आपण आपल्यातच सोयरिकी केल्या म्हणून ते एकाच घरात साठलं. हा कुणाचा दोष नाही हे त्यांनी ठासून सांगितलं. पण महानंदाला मुलगा झाला तर धोका चांगलाच मोठा आहे. जेऊरला जायचं नाव काढू नका म्हणाल्या.

शरणक्काला मी पत्र वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "आत्तीनं माझी वेणी घातली, माझ्या लेकीला न्हाऊ घातलं, आनि मला ह्ये ठावं न्हाय." मग डोळे पुसून म्हणाली, "मी हितंच ऱ्हाते. बाळंतपन हितंच." मी तिची आणि भावजींची माफी मागितली. भावजी म्हणाले, जाऊ दे, आधी तुझा कारखाना बघ, रजा शिल्लक ठेव.

तुझा,
रेवण


सोलापूर,
१ जून १९७५

ती. आत्या,

शरणार्थ. तारेने एवढंच कळवलं होतं की मुलगा झाला आणि ऑपरेशन झालं. आता नीट लिहितो.

२४ मे, शनिवारी सकाळी झाला. गुटगुटीत, रंगाने मामांसारखा. दूध ओढलं, जोरात रडला. शरणक्काला वाटलं, हा सुटला. बाईंनी दर तीन-चार तासांनी येऊन फडकं बघितलं. कोरंच. रविवारी दुपारपर्यंत कोरंच होतं आणि पोट वर यायला लागलं. शरणक्काने जेऊरहून सवयीने एरंडेलाची बाटली आणली होती. ती खिडकीत तशीच उभी होती, आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो, पण कुणी तिला हात लावला नाही. संध्याकाळी हिरवी उलटी झाली. बाईंनी पोटाचे एक्स-रे फोटो काढले आणि सोमवारी सकाळी आठला ऑपरेशन ठरवलं.

न्यायला आले तेव्हा कागदावर नावाच्या जागी 'महानंदाचे बाळ' असं लिहिलेलं होतं. शरणक्का दारात आडवी उभी राहिली. "आदी नाव. मग आत न्या." नर्स म्हणाली, बाई, हे नंतर होईल. शरणक्का म्हणाली, "नंतर न्हाय. ह्यो मोजनीत पायजे." पाळणा नव्हता, बायका नव्हत्या, तेरावा दिवस तर फारच लांब होता. डॉक्टरीणबाई मागे उभ्या होत्या. त्या नर्सला म्हणाल्या, थांबा दोन मिनिटं. शरणक्काने वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं. मग मला म्हणाली, लिही. मी कागदावरचं खोडून लिहिलं: शिवपुत्र.

दोन तास लागले. दानूसारखीच पोटावर वाट करून दिली आहे. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्या वाटेने पहिली काळी शी झाली, तेव्हा महानंदा आणि शरणक्का एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं काही वाईट घडलं. बाई म्हणतात, वजन धरलं की याचंही मोठं काम करू. पुढचा रस्ता लांब आहे. पण दानूला आम्ही विसाव्या दिवशी आणलं होतं आणि ती मरता मरता वाचली. याला तिसऱ्या दिवशी वाट मिळाली, ती तू लिहिलंस म्हणून. हे मी कुणालाही सांगेन.

सोबत घराण्याचा कागद पाठवतो. बाईंच्या कागदाची नक्कल मी आमच्या नक्षीच्या चौकटी-कागदावर केली आहे, रेघा अगदी सरळ आहेत. बाईंच्या कागदावर नावं नसतात, नुसते आकडे असतात. मी सगळ्यांची नावं घातली. तुझ्या खालच्या दोघांपाशी जागा कोरी सोडली आहे. तिथे काय लिहायचं ते मला माहीत नाही.

तुझा,
रेवण


मैंदर्गी,
१६ जून १९७५

चि. रेवण,

तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद, आणि शिवपुत्राला जास्त. दानूला सांग, तिचे केस ओढायला आता भाऊ आलाय. पुढच्या आठवड्यात मी येते आहे. म्हशीचं शेजारणीवर सोपवलं आहे, आणि आता पुन्हा त्या म्हशीवरून मला काही बोलायचं नाही. डॉक्टरीणबाईंसाठी शेंगाचटणी आणि घरचं तूप आणते. त्या घेत नसतील तर तू मध्ये पडू नको, मी बघते.

शरणक्काने केलं ते माझ्या आजीला आवडलं नसतं. मला फार आवडलं.

तुझा कागद आला. आधी मी एकटीने पाहिला. तू काढलेल्या रेघा खरंच सरळ आहेत. माझं वर्तुळ, ह्यांची चौकट, मध्ये दोन रेघा, आणि खाली दोघं. मला वाटलं होतं काळा रंग बघून वाईट वाटेल. तसं झालं नाही. बत्तीस वर्षांत ते पहिल्यांदाच कुठेतरी होते.

नावं मी तेव्हाच मनात ठेवली होती. कुणाला सांगितली नव्हती, ह्यांनाही नाही. थोरला चन्नवीर आणि धाकटा बसलिंग. मी बोरू घेऊन बसले आणि तू सोडलेल्या जागेत लिहिली. धाकट्याचं जरा वाकडं गेलं, पण वाचता येतं. तुझ्या प्रतीवरही लिहून ठेव. हेळवी पुढच्या वर्षी आला की त्याला आमच्या दारात थोडा जास्त वेळ थांबावं लागेल, आणि मी दोन पायली ज्वारी जास्त देणार आहे.

तेवढ्यात हे मळ्यातून आले. पाय धुतले, माझ्या हातातला कागद बघितला. त्यांना वाचता येत नाही. म्हणाले, "काय हाय त्ये?" मी म्हटलं, "रेवणनं आपलं घरानं काढून धाडलंय." ते शेजारी बसले. मी एकेकावर बोट ठेवून सांगत गेले. हा तुमचा बाप, ही माझी आई, हा माझा भाऊ, हा रेवण, ही दानू, हा नवा. ते मान डोलावत होते. मग मी त्यांच्या चौकटीवर आले आणि थांबले. हेळवी थांबतो तिथेच.

त्यांनी खालच्या दोन काळ्या चौकटींकडे बघितलं. ते कोण हे मी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी आपलं मातीने भरलेलं बोट उचललं, कागदावर नेलं, आणि मला म्हणाले, "ह्यातला थोरला कंचा?"

मी त्यांचं बोट धरून चन्नवीरवर ठेवलं.

तुझी,
आत्या